मॅडिसन ते लोगन खिंड: मॉन्टानात स्टोनफ्लायच्या मागावर

शनिवार, एनिस

जुलैच्या सुरुवातीला एनिस गावात कुठेही जा, पेट्रोल पंपावर किंवा न्याहारीच्या हॉटेलात, प्रश्न एकच ऐकू येतो: साल्मनफ्लाय कुठवर पोचली? मॅडिसन नदीचं खालच्या टप्प्यातलं पाणी आधी तापतं. त्यामुळे हे किडे आधी तिथे बाहेर पडतात आणि मग दिवसागणिक ही लाट नदीच्या वरच्या अंगाला सरकत जाते. गळ घेऊन ट्राउट माशांसाठी आलेली माणसं तिच्या मागोमाग गाड्या हाकतात. आम्हीही तेच करत होतो, फक्त आमच्याकडे गळ नव्हता.

माझी भाची मिसुलाच्या विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या कीटकांचा अभ्यास करते. मॅडिसनपासून निघायचं, उत्तरेला ग्लेशियर नॅशनल पार्कपर्यंत जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक पाण्याशी थांबून स्टोनफ्लाय बघायच्या, असा बेत तिनेच आखला होता.

स्टोनफ्लाय म्हणजे प्लेकॉप्टेरा गणातले कीटक. जगभरात त्यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. अंड्यातून निम्फ, म्हणजे बिनपंखांचं पिल्लू, बाहेर येतं, कात टाकत टाकत वाढतं आणि शेवटच्या कातीतून थेट पंखवाला कीटक निघतो. मधे कोषाची अवस्था नाही. आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली, दगडांच्या खालच्या अंगाला आणि फटींमध्ये जातो. साल्मनफ्लाय, म्हणजे टेरोनार्सिस कॅलिफोर्निका, ही त्यांच्यातली थोराड जात. तीन ते चार वर्षं पाण्यात काढायची, पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढायचं आणि बाहेर येऊन एखाद-दोन आठवड्यांत सगळं आटोपायचं.

नदी गावाच्या वर रुंद आणि उथळ आहे. तळ सगळा गोट्यांचा, प्रवाह इतका जोरदार की गुडघाभर पाण्यातही काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. भाचीने एक मोठा गोटा उचलून उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "मामा, हात ओला कर आधी, मग धर."

गोट्यावर तपकिरी-काळं, चिलखत घातल्यासारखं निम्फ बसलं होतं. दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या. स्टोनफ्लाय ओळखायची पहिली खूण हीच. शेजारीच मेफ्लाय या दुसऱ्या गणातल्या पाणकिड्याचं निम्फ होतं, त्याला तीन शेपट्या होत्या आणि पायाला एकच नखी. शिवाय मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे हलत असतात, तर स्टोनफ्लायचे कल्ले बहुधा छातीच्या खाली, पायांच्या मुळाशी, बारीक बोटांच्या झुबक्यासारखे असतात. कित्येक छोट्या जातींना तर कल्लेच नसतात, त्या अंगाच्या त्वचेतूनच श्वास घेतात.

सगळी गोष्ट या श्वासाशी येऊन थांबते. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांच्या पाण्यात जेमतेम 9. म्हणजे पाणी तापलं की प्राणवायू घटतो, आणि नेमकी त्याच वेळी कीटकाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. भाचीने निम्फ पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ठेवलं. ऊन चांगलं तापलं होतं. थोड्याच वेळात निम्फने सहाही पाय रोवले आणि शरीर वरखाली करायला सुरुवात केली. जोर मारल्यासारखं, एका लयीत. वाहत्या प्रवाहात कल्ल्यांवरून ताजं पाणी आपोआप जातं, साचलेल्या पाण्यात त्याला स्वतः हलून ते पाणी बदलावं लागतं. ते बघितल्यावर मला ट्रेकडे फार वेळ पाहवेना. भाचीने लगेच त्याला नदीत, उचललेल्या दगडाच्याच जागी सोडलं.

दुपारी विलोच्या झुडपांत शिरलो. खोडांवर, दगडांवर, पुलाच्या खांबांवर रिकाम्या काती चिकटून होत्या, पाठीवर उभी चीर पडलेल्या. निम्फ रात्री पाण्यातून सरपटत काठावर येतात आणि कात टाकतात. फांद्यांवर मोठे कीटक चालत होते. करडे, शिरांचं जाळं असलेले पंख पाठीवर सपाट दुमडलेले, मानेखाली आणि पोटाला नारिंगी रंग. धरायला गेलं तर उडत नाहीत, पानामागे जातात. उडणं या गणाचा बळकट भाग नाहीच.

नर मादीला शोधतो तो फांदीवर पोट आपटून. हा ठोका हवेतून आपल्या कानाला कळत नाही, लाकडातून कंप जातो आणि दुसरीकडे बसलेली मादी त्याच फांदीतून उत्तर देते. प्रत्येक जातीचे ठोके वेगळे असतात: किती, किती अंतराने, कोणत्या लयीत. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक कुळांत ही भाषा आहे. मादी मग ऊन असताना नदीवर जडपणे भिरभिरत जाते आणि पोटाला चिकटलेला काळसर अंड्यांचा गोळा पाण्याला टेकवते. अंडी विखरून तळाला जातात आणि दगडांना चिकटतात. तिच्या खाली ट्राउट टपून असतात. अर्ध्या तासात इतक्या माद्या पाण्यात ओढल्या गेलेल्या पाहिल्या की माणसं इथे या आठवड्यात सुट्टी काढून का येतात ते उमगलं. कोळी, पक्षी, सगळ्यांची ही सुगी. नदीने वर्षानुवर्षं पानांच्या कचऱ्यातून साठवलेलं अन्न एका आठवड्यात काठावर येतं. साल्मनफ्लायचं निम्फ मुख्यतः पानं कुरतडतं. पाण्यात पडलेल्या पानावर बुरशी वाढली की त्याला पोषण येतं, मग ही मंडळी ते फाडून खातात आणि त्यांनी केलेला भुगा खालच्या प्रवाहातल्या गाळून खाणाऱ्या कीटकांना मिळतो.

पण मॅडिसनला एक अडचण आहे. ती यलोस्टोनमधल्या फायरहोल आणि गिबन या नद्यांच्या संगमातून बनते, आणि फायरहोलमध्ये गरम झऱ्यांचं पाणी मिसळतं. त्यामुळे ही नदी मुळातच थोडी उबदार. त्यात उन्हाळे तापत चाललेत. युटातल्या लोगन नदीतून साल्मनफ्लाय नाहीशी झाली आहे, आणि एकदा गेली की आपोआप परतत नाही, कारण एवढा मंद उडणारा किडा डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यातून येणार कसा?

आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही स्टोनफ्लाय आहेत, मुख्यतः पर्लिडी कुळातल्या निओपर्ला प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). हिमालयात कुळांची विविधता खूप मोठी, दक्षिणेला आलं की अगदी थोडी उरते. हा गण थंडीत घडलेला. उष्ण प्रदेशात शिरकाव केलेल्या मोजक्या प्रजातींपैकी निओपर्ला एक. भाचीला तिच्याबद्दल फार कौतुक आहे.

रात्री मोटेलच्या मागे आम्ही बूट, जाळी, ट्रे सगळं ब्रशने घासून धुतलं आणि पूर्ण वाळवायला ठेवलं. मॅडिसनमध्ये न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय शिरलेली आहे. ती बुटाच्या चिखलातून दुसऱ्या नदीत जाते, आणि एकटी मादी नराशिवाय प्रजा वाढवते. पुढच्या खोऱ्यात ती न्यायची नव्हती.

रविवार, मिसुलाकडे

दिवस गाडीतच गेला. थांबलो ते फक्त मिलटाउनला, ब्लॅकफूट नदी क्लार्क फोर्कला मिळते तिथे. इथे 1908 पासून धरण होतं. ब्यूटच्या तांब्याच्या खाणींचा आणि अनाकोंडाच्या तांबं वितळवणाऱ्या भट्ट्यांचा गाळ त्याच्यामागे साचला आणि 1981 मध्ये गावच्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. 2008 मध्ये धरण फोडून नदी मोकळी केली, गाळ रेल्वेने हलवला. आता काठावर तरणे विलो आहेत आणि तिथे धरण होतं हे माहीत नसलेल्याला सांगूनही पटणार नाही. पाणी किती सुधारलं हे तपासताना इथल्या लोकांनी तळाचे किडेही मोजले. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या तीन गणांच्या किती जाती सापडतात, हा जगभर वापरला जाणारा निकष आहे. बाटलीत भरलेलं पाणी त्या एका क्षणाचं सांगतं. तीन वर्षं तळाशी राहिलेलं निम्फ तीन वर्षांचं सांगतं. सरकारी अहवालांत पाण्याच्या तक्त्यांना जेवढी पानं मिळतात तेवढी या किड्यांनाही मिळायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

सोमवार, फ्लॅटहेड

ज्या दिवसासाठी मी खरं तर आलो तो हा. फ्लॅटहेड सरोवराच्या पूर्व काठावर चेरीच्या बागा आहेत, फळ अजून पुरतं पिकलं नव्हतं. यलो बे इथे विद्यापीठाचं जीवशास्त्र केंद्र आहे, 1899 मध्ये सुरू झालेलं. त्या केंद्राशी अनेक दशकं जोडलेल्या जॅक स्टॅनफर्ड यांनी मॉन्टानातल्या नद्यांबद्दल जे दाखवलं, त्याने नदी या गोष्टीची व्याख्याच बदलली.

1974 मध्ये त्यांनी आणि आर्डन गॉफिन यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की इथल्या दोन नद्यांच्या शेजारी, जमिनीखाली, स्टोनफ्लायची निम्फ सापडतात. नदीपात्रात नव्हे, तर पाण्यासाठी खोदलेल्या विहिरींत. पुढे 1988 मध्ये त्यांनी जे. व्ही. वॉर्ड यांच्यासह 'नेचर'मध्ये फ्लॅटहेडच्या पूरमैदानाची आकडेवारी दिली: पात्रापासून दोन किलोमीटरपर्यंतच्या विहिरींत ही निम्फ येत होती, सुमारे दहा मीटर खोलीवरून.

हे कसं होतं ते भाचीने फ्लॅटहेडच्याच न्याक नावाच्या पूरमैदानाच्या कडेला, वाळूत काठीने रेघा मारून समजावलं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या खोऱ्यात गोटे आणि खडीचे जाड थर सोडले. नदीचं पाणी पात्राच्या तळातून त्या खडीत मुरतं, फटींमधून खोऱ्याच्या दिशेने वाहत राहतं आणि पुढे कुठेतरी पुन्हा पात्रात वर येतं. खडी इतकी सच्छिद्र आहे की ते पाणी साचत नाही, त्यात प्राणवायू टिकतो. म्हणजे डोळ्याला दिसते ती नदी वरचा पट्टा, आणि तिच्या खाली व दोन्ही अंगांना अंधारात दुसरी नदी. पॅरापर्ला आणि आयसोकॅप्निया या प्रजातींतल्या काही जाती आपलं जवळजवळ सगळं लहानपण त्या दुसऱ्या नदीत काढतात. सडपातळ, लांबट, फिकट शरीर, खडीच्या फटींतून सरकायला योग्य. प्रौढ व्हायची वेळ आली की त्या पात्राकडे परततात, काठावर येऊन कात टाकतात, जोडी शोधतात आणि अंडी नदीत घालतात. अंड्यातून निघालेली पिल्लं पुन्हा खाली.

"पण मामा, तिथे खायला काय?" हा प्रश्न तिनेच विचारला आणि तिनेच उत्तर दिलं. अंधारात शेवाळ नाही, पान नाही. 2016 मध्ये न्याकवर झालेल्या अभ्यासात या किड्यांच्या शरीरातला कार्बन तपासला. त्याचा मोठा वाटा मिथेन वायूतून आलेला निघाला. खडीच्या थरात जिथे प्राणवायू संपतो तिथे जिवाणू मिथेन तयार करतात, जिथे तो पुन्हा मिळतो तिथे दुसरे जिवाणू ते मिथेन खातात, आणि स्टोनफ्लाय त्या जिवाणूंच्या साखळीवर जगतात. त्यातला काही कार्बन तर हजारो वर्षं जुना होता. ऑक्सिजनवाचून न राहणारा किडा आणि जिथे ऑक्सिजन नाही तिथे बनणारा वायू, यांची अशी सांगड मला कुणी पुस्तकाबाहेर सांगितली असती तर मी मानली नसती. तिथे, पायाखाली ती खडी असताना, मानली.

म्हणून नदीकाठापासून शे-दोनशे फूट सोडून बांधकाम केलं की नदी वाचली, हा हिशेब मला त्या दिवसापासून अपुरा वाटतो. पूरमैदानातून खडी उपसली, सांडपाणी मुरवलं, पूर येऊ नये म्हणून बांध घातले, तर नदीला हात न लावताही नदी मारता येते. पूर येतो तेव्हाच खडीतला बारीक गाळ धुतला जातो आणि फटी मोकळ्या राहतात.

बराच वेळ तिथे बसलो. मध्येच मी तिला विचारलं, विहिरीत किडे निघाले तेव्हा लोकांनी काय केलं असेल? ती म्हणाली, "घाबरले असतील. खरं तर तो चांगल्या पाण्याचा दाखला होता."

मंगळवार, मॅकडोनाल्ड ओढा

ग्लेशियर पार्कच्या पश्चिम दारातून आत. रेड सीडर आणि हेमलॉकच्या झाडांची ओलसर सावली, ओढ्याचं पाणी हिरवट, तळाचे तांबडे-निळे दगड स्वच्छ दिसणारे. पार्कमध्ये परवान्याशिवाय काही गोळा करायचं नाही, दगडही उलटायचे नाहीत. म्हणून आज नुसतं बघणं.

तेही पुष्कळ होतं. डिपर नावाचा राखाडी, आखूड शेपटीचा पक्षी खडकावर उठाबशा काढत होता. मग तो सरळ पाण्यात चालत शिरला, प्रवाहाखाली पंखांनी वल्हवत गेला आणि चोचीत निम्फ घेऊन बाहेर आला. हार्लेक्विन बदकं समुद्रकिनाऱ्यावरून वीण करायला याच ओढ्यावर येतात. आम्हाला एक मादी फेसाळ पाण्यात बुड्या मारताना दिसली. जुलैपर्यंत नर समुद्राकडे परतलेले असतात, पिल्लं वाढवण्याचं काम तिचं एकटीचं, आणि ते सगळं ओढ्यातल्या किड्यांच्या जोरावर.

संध्याकाळी भाचीने हिवाळ्यातल्या स्टोनफ्लायबद्दल सांगितलं. कॅप्निइडी कुळातले बारीक काळे किडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडतात आणि बर्फावरून चालत जोडीदार शोधतात. त्या दिवसांत पक्षी थोडे, कोळी थोडे. याच कुळातली कॅप्निया लॅकुस्ट्रा ही जात कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवरच्या ताहो सरोवरात खोल तळाशी राहते आणि प्रौढ झाल्यावरही पाण्याबाहेर येत नाही.

बुधवार, लोगन खिंड

पहाटे निघालो, कारण खिंडीतली गाड्यांची जागा सकाळीच भरते. गोइंग-टू-द-सन रस्ता 1933 मध्ये पूर्ण खुला झाला. वर 2,026 मीटरवर जुलैतही बर्फाच्या भिंती होत्या.

खिंड ओलांडून पूर्वेला थोडं उतरलं की लंच ओढा. वरच्या बर्फातून सुटून तो पायऱ्यापायऱ्यांनी रस्त्यापर्यंत येतो. इथे लेडनिया टुमाना राहते, मेल्टवॉटर स्टोनफ्लाय. सेंटिमीटरही न भरणारा तपकिरी किडा. कॅनडाचे विल्यम रिकर यांनी 1952 मध्ये या जातीचं वर्णन केलं. मत्स्यशास्त्रात त्यांचं नाव मोठं, पण स्टोनफ्लायवरही त्यांनी आयुष्यभर काम केलं. ही जात बर्फ वितळून जिथे पाणी होतं त्या उगमापासून काही शे मीटरांतच सापडते. पार्कच्या परिसरात 1850 च्या सुमारास ऐंशीच्या आसपास हिमनद्या होत्या असा अंदाज आहे. 2015 मध्ये आकाराच्या निकषात बसणाऱ्या नाव असलेल्या 26 उरल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या सरकारने लेडनिया टुमाना आणि तिची नातलग झापाडा ग्लेशियर या दोघींना संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली 'थ्रेटन्ड', म्हणजे धोक्यात आलेल्या, ठरवलं. हवामानबदलामुळे कायद्याचं संरक्षण मिळालेले कीटक बोटांवर मोजण्याइतके असतील. एवढ्याशा, फुलपाखरासारखं देखणेपण नसलेल्या किड्यासाठी हे झालं याचा मला आनंद आहे.

बर्फाच्या कडेला ओल्या खडकावर एक छोटा तपकिरी कीटक चालत होता, पंख पाठीवर घट्ट दुमडलेले. मी भाचीकडे पाहिलं. तिने वाकून नीट बघितलं आणि जातीचं नाव घ्यायला नकार दिला. "नेमोरिडी कुळ म्हणेन. पुढचं सूक्ष्मदर्शकाशिवाय नाही." या कुळातल्या जाती नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून ओळखतात, डोळ्यांनी सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. तिचं ते थांबणं मला आवडलं.

इथे एक गंमतीची भौगोलिक गोष्ट आहे. शनिवारी पाहिलेली मॅडिसन मिसूरी-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जाते. कालचा मॅकडोनाल्ड ओढा कोलंबियातून प्रशांत महासागराला. आणि लंच ओढा सेंट मेरी नदीतून कॅनडात, हडसन उपसागराकडे. पाण्याला हे डोंगर ओलांडता येत नाहीत, आणि नीट न उडणाऱ्या किड्यालाही जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रत्येक बर्फाखालची वस्ती एकाकी. एका उगमावरची संपली तर शेजारच्या उगमावरून ती भरून निघण्याची शक्यता फार कमी.

मग मी माझ्या मनात शनिवारपासून असलेलं विचारलं. पाणी दोन-चार अंशांनी तापलं तर हे किडे लगेच मरतात का?

"नाही," ती म्हणाली. प्रयोगशाळेत लंच ओढ्यातली निम्फ हळूहळू तापवली, तेव्हा त्यांनी ओढ्यात कधी नसतं इतकं ऊन पाणी काही काळ सोसलं. दुसऱ्या प्रयोगात बर्फाने चहूकडून वेढलेली निम्फही जिवंत निघाली. म्हणजे एखादी गरम दुपार त्यांना मारत नाही.

"मग त्या खाली का नाही येत?"

यावर अजून एकमत नाही. सतत उबदार पाण्यात वाढ बिघडत असेल, खाली दुसऱ्या जातींशी अन्नासाठी झुंज जमत नसेल, किंवा शिकारी जास्त असतील. बहुधा हे सगळं थोडं थोडं. आणखी एक शक्यता तिला आशादायक वाटते: दगडधोंड्यांच्या ढिगाखाली दडलेला बर्फ. उघडी हिमनदी विरघळली तरी दगडांच्या पांघरुणाखालचा बर्फ बराच काळ टिकतो आणि त्यातून थंडगार झरे झिरपत राहतात. असे झरे कुठे आहेत याचे नकाशे व्हायला हवेत, आणि हिमनद्या मोजणाऱ्यांनी तेही मोजायला हवेत. पुढच्या उन्हाळ्यात तिला त्यातल्या काही झऱ्यांचं तापमान वर्षभर नोंदवायचं आहे, परवान्याचा अर्ज तयार आहे. सेंट मेरीकडे उतरताना ती त्या अर्जातल्या उपकरणांची यादी मला वाचून दाखवत होती, आणि कोणता तापमापक हिवाळ्यात बर्फाखाली टिकेल यावर आमची चर्चा सरोवर येईपर्यंत चालली.